कोरं आधी

माणूस गेला की त्याच्याबद्दल गोड लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. मेष्ट्रु गेलेले नाहीत. म्हैसूरला चामराजपुरममध्ये राहतात, सकाळी दोनदा बिनसाखरेची कॉफी पितात आणि वर्तमानपत्रातल्या फोटोंचे रंग फिके आले की पेपर टाकणाऱ्याला फोन करून झापतात. तो बिचारा काय करणार! हा लेख ते वाचतील आणि त्यात चुका काढतील, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणूनच ते असताना लिहिते आहे. आणि गोड लिहिणार नाही, कारण मला राग आलेला आहे. त्यातला थोडा त्यांच्यावरही आहे.

मेष्ट्रु म्हणजे कन्नडमध्ये मास्तर. ते मास्तर नव्हते. मी मिरजेहून पीएच.डी.साठी म्हैसूरच्या ज्या प्रयोगशाळेत आले तिथे ते टेक्निशियन होते. निवृत्त झाल्यावरही त्यांना वर्षावर्षाची मुदतवाढ देऊन ठेवून घेतलं होतं, कारण त्यांच्यासारखा रवा तिथे कुणालाच काढता येत नसे. रवा हा त्यांचा शब्द. आपल्या स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचे बारीक बारीक पुंजके असतात. शास्त्रात त्यांना बेटं म्हणतात. उंदराचं स्वादुपिंड एका विशिष्ट औषधानं विरघळवून, धुऊन, गाळून ही बेटं वेगळी काढायची, मायक्रोस्कोपखाली एकेक करून वेचायची, डिशमध्ये पोषक द्रवात जगवायची आणि मग ती किती इन्सुलिन देतात ते मोजायचं, हे आमचं काम. मायक्रोस्कोपखाली ती खरंच भाजलेल्या रव्यासारखी दिसतात.

मेष्ट्रुंच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कापड रंगवण्याचा धंदा. तो आजोबांबरोबर संपला. पूर्वज महाराष्ट्रातून आलेले, म्हणून मराठी घरात टिकली, पण कशी, ते त्यांच्या तोंडूनच ऐकावं. शिव्या कन्नडमधून, उपदेश मराठीतून, आणि दोन्ही एकाच वाक्यात. माझी मराठी ऐकून पहिल्याच दिवशी म्हणाले, "तू टीव्हीतलं बोलतेस. आमचं तसं नाही. तुला कळेल तेवढं घे, नाही कळलं तर सुम्ने बस." सुम्ने म्हणजे उगाच, गप्प. हा शब्द मी पुढे चार वर्षं रोज ऐकला.

त्या पहिल्याच आठवड्यात मी सकाळी काढलेला रवा घेऊन दुपारी प्रयोगाला बसले होते. मेष्ट्रुंनी माझ्या हातातली डिश काढून घेतली, सरळ इन्क्युबेटरमध्ये ठेवली आणि दार लावलं.

"आत्ता पोटातनं बाहेर काढलंय, आत्ताच परीक्षा काय? तू बसमधनं उतरलीस की लगेच गणित घातलं तर सोडवशील?"

"पण मेष्ट्रु, मला आज आकडे हवेत."

"आज आकडे येतील. खोटे येतील. उद्यापर्यंत बसू दे त्यांना. अष्टे." अष्टे म्हणजे बस, एवढंच.

मला संताप आला. एम.एस्सी.ला पहिली आलेली मुलगी मी, आणि हा बी.एस्सी. झालेला म्हातारा माझ्या हातातून डिश काढून घेतो! दुसऱ्या दिवशी त्याच डिशमधल्या बेटांनी साखर दिल्यावर इतकं व्यवस्थित इन्सुलिन दिलं की म्हाताऱ्याचंच खरं ठरलं. आणि याचाच मला जास्त राग आला.

त्यांचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण मोडले की कळत. त्या खोलीत अत्तर लावून यायचं नाही. दार आपटायचं नाही. पिवळे, लाल, नारिंगी कपडे घालून यायचं नाही. या शेवटच्या नियमावरून मी एकदा भांडलेही होते. तेव्हा त्यांनी कारण सांगितलं. डिशमधल्या द्रवात एक रंग असतो. द्रव ताजा, निरोगी असला की तो गुलाबी दिसतो. आंबायला लागला, म्हणजे आतल्या पेशींची गर्दी झाली, हवा पुरेना, कचरा साचला, की तो आधी शेंदरी आणि मग पिवळा होतो. मेष्ट्रु रोज सकाळी एकेक डिश उत्तरेच्या खिडकीशी नेत आणि आपल्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीसमोर धरून बघत. शर्ट कायम पांढरा, कायम लांब बाह्यांचा, ऐन एप्रिलमध्येसुद्धा. शेजारी पिवळी ओढणी उभी राहिली की बाहीवर तिचा रंग पडतो आणि "माझी ताटली खोटी दिसते." यंत्रानं मोजता येतं की, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "मोज. मग माझ्याकडे ये." मी मोजलं. त्यांचं बरोबर होतं. असं पाच-सहा वेळा झाल्यावर मी मोजणं सोडलं आणि पांढरे कुडते शिवून घेतले.

बेटांच्या खाण्यापिण्याबद्दल तर ते सासूच्या वर होते. एकदा एका पाहुण्या संशोधकानं जास्त साखरेच्या द्रवात बेटं आठवडाभर ठेवली आणि ती इन्सुलिन देईनात म्हणून कपाळाला हात लावला. मेष्ट्रु त्याला इंग्रजीत म्हणाले की तुम्हाला रोज तिन्ही त्रिकाळ लग्नाचं जेवण वाढलं तर आठव्या दिवशी तुम्ही काम कराल का? आणि साखर फार कमी ठेवणाऱ्या मुलीला म्हणाले, "उपाशी ठेवून राबवतेस, पाप लागेल." एखाद्याच्या हातून डिश सांडली तर मात्र ते ओरडत नसत. नुसते म्हणत, "एक जीव गेलाय याच्यासाठी." ते ऐकण्यापेक्षा ओरडलेलं परवडलं असतं.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती मला लांबवायची होती, हे मेष्ट्रुंच्या लक्षात येईलच.

माझा विषय होता एका पानाचा अर्क. कुठलं पान ते लिहीत नाही, कारण लिहिलं की उद्या कुणीतरी ते उकळायला घेईल. हा अर्क घातलेल्या डिशमधली बेटं जास्त इन्सुलिन देतात का, एवढाच प्रश्न. एका डिशमध्ये अर्क, दुसरीत नाही. दुसरीला आम्ही कंट्रोल म्हणायचो, मेष्ट्रु कोरं म्हणायचे. आकडे फार सुंदर आले. अर्कवाली बेटं दरवेळी वरचढ. आमचे गाईड खूश, मी त्याहून खूश. एका औषध कंपनीनं चौकशी केली. मिरजेला आईला फोन केला तेव्हा मी दहा मिनिटं नुसती बोलत होते. आई चौदा वर्षं इन्सुलिनची इंजेक्शनं घेत होती. तिला वाटलं, मी हे तिच्यासाठीच केलं. मी तसं वाटू दिलं.

मेष्ट्रु एक दिवस माझ्या मागे येऊन उभे राहिले. मी रवा वेचत होते. मायक्रोस्कोपला डोळे लावून, बारीक पिपेटनं एकेक बेट उचलायचं, तीन-तीन तास. मान मोडते. मी माझ्या पद्धतीनं काम करत होते. आधी अर्काच्या डिश भरायच्या. गोल, गुबगुबीत, ठसठशीत बेटं आधी नजरेत भरतात, ती तिकडे जायची. शेवटी मान दुखायला लागली, उरलीसुरली राहिली, की ती सगळी एकदम कोऱ्या डिशमध्ये ओतायची. इन्सुलिनचा हिशेब दर बेटामागेच करायचा असल्यामुळे संख्येनं काय फरक पडतो, असं मी धरून चालले होते.

"कोरं शेवटी टाकतेस?" मेष्ट्रु म्हणाले.

"हो. का?"

ते खुर्ची ओढून बसले. त्यांच्या आजोबांच्या भट्टीवर रंगाचा घाणा लावायच्या आधी एक कोरी चिंधी त्याच पाण्यात, त्याच आचेवर, तेवढाच वेळ उकळून काढत. ती दोरीवर वाळत घालत आणि मग त्या दिवसाचं रंगीत कापड तिच्याशेजारी धरून बघत. विहिरीचं पाणी रोज सारखं नसतं. कधी ते स्वतःच कापड पिवळं करतं. चिंधी शेवटी टाकली तर तिला थंडावलेली आच आणि गढूळ पाणी मिळणार, आणि तिच्याशेजारी कुठलाही रंग देखणाच दिसणार. "आजोबा नव्या गड्याला पहिलं हेच शिकवायचे. मोदलु कोरं, कोरं आधी. पाणी काय करतंय ते आधी बघ, मग रंगाची बढाई मार."

मग त्यांनी माझ्या आदल्या दिवशीच्या दोन डिश काढल्या आणि बाहीसमोर धरल्या. अर्काची गुलाबी होती. कोरी शेंदरी, कडेला पिवळी. "इथं शंभर जण एका खोलीत कोंडलेत. मधल्यांना हवा नाही. ते काय इन्सुलिन करतील, मरतायत ते. तुझ्या पाल्यानं काही केलेलं नाही गं. तू दुसऱ्यांना कोंडलंयस."

मला दिसलं. हे मी इथे ठळक लिहिते. त्याच क्षणी मला दोन्ही रंग दिसले आणि ते काय म्हणतायत तेही कळलं.

मी गाईडकडे गेले. गाईड हुशार माणूस. ते म्हणाले, अर्क पेशींना जपतो म्हणून ती डिश गुलाबी राहते, उलट हा आपल्या बाजूचा पुरावा आहे. निबंध पाठवून झाला होता. पुढच्या आठवड्यात कंपनीची माणसं येणार होती. दोन्हीकडे सारखी बेटं घालून पुन्हा करू या का, असं मी विचारलं, पण किती हळू आवाजात! ते म्हणाले, नंतर बघू. मला तेच ऐकायचं होतं.

कंपनीची माणसं आली त्या दिवशी मेष्ट्रु न बोलावता मीटिंगच्या खोलीत आले. हातात ट्रे, ट्रेमध्ये माझ्या दोन डिश, एक अर्काची, एक कोरी. त्यांनी मोडक्या इंग्रजीत, पण शांतपणे सांगितलं की साहेबांनी एकदा खिडकीशी येऊन हे बघावं. कुणी उठलं नाही. गाईड हसले आणि पाहुण्यांना म्हणाले, आमच्या मेष्ट्रुंचं गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. मग माझ्याकडे वळून म्हणाले, तू बघ बरं, तुला फरक दिसतो?

मी उठले, खिडकीशी गेले, डिश बघितल्या. आणि इंग्रजीत म्हणाले की मला दोन्ही सारख्याच वाटतात. मेष्ट्रुंना हल्ली रंग नीट दिसत नाहीत.

मेष्ट्रु माझ्याकडे वळले. त्या खोलीत मराठी कळणारे आम्ही दोघंच होतो.

"परत सांग," ते म्हणाले. "मराठीत सांग."

आणि मी सांगितलं. माझ्या त्या टीव्हीतल्या, शुद्ध, स्वच्छ मराठीत सांगितलं, "तुम्हाला हल्ली रंग नीट दिसत नाहीत, मेष्ट्रु." मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. तोंड बंद ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण चार वर्षं हा माणूस माझ्या चुका काढत होता, आणि एकदा तरी त्याची चूक असावी असं मला वाटत होतं. इतका हलका विचार होता तो.

त्यांनी भांडण केलं नाही. डिश आधी परत इन्क्युबेटरमध्ये नेऊन ठेवल्या, कारण बेटांना थंडी बाधते. दार न आपटता बाहेर गेले. त्या वर्षी त्यांची मुदतवाढ झाली नाही. त्यांच्या खुर्चीवर यंत्राचा खोका ठेवला गेला. निबंध छापून आला, मला डॉक्टरेट मिळाली, तिथेच नोकरीही लागली. म्हैसुरातच बोगादीला घर घेतलं. मिरजेच्या एका वर्तमानपत्रानं "मिरजेच्या कन्येचं संशोधन" म्हणून फोटोसकट बातमी छापली, आणि त्या शहाण्यांनी पानाचं नावही छापलं.

दोन वर्षांनी आई माझ्याकडे राहायला आली. बारीक झालेली. मी म्हटलं, वजन उतरवलंस की काय! ती हसली. उजव्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागली होती, तिथे कापूस बांधला होता. फ्रिजमध्ये ठेवायला तिनं बॅगेतून इन्सुलिनची पेनं काढली. एकाचंही सील फोडलेलं नव्हतं.

"आई, हे काय?"

"अगं, आता लागत नाही ते. शेजारच्या वहिनींच्या कुंपणालाच आहे तुझं ते झाड. रोज सकाळी पेलाभर काढा घेते. कडू जहर आहे, पण घेते."

"कुणी सांगितलं तुला इंजेक्शन बंद करायला?"

"कुणी कशाला सांगायला हवं? तूच शोधलंयस ना? जग विश्वास ठेवतं, आणि मी नको ठेवू?"

कापूस सोडला तेव्हा अंगठा काळा होता. डॉक्टरांनी प्रयत्न केले. पाचव्या दिवशी अंगठा काढावा लागला. हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी ज्याच्या त्याच्यावर चिडत होते. गाईडवर, त्या बातमीवाल्यावर, शेजारच्या वहिनींवर, आईच्या भाबडेपणावर. आणि खरं सांगते, सगळ्यात जास्त मेष्ट्रुंवर. एवढे ओरडणारे तुम्ही, त्या दिवशीच का नाही ओरडलात? ट्रे का नाही आपटलात टेबलावर? मला सगळ्यांसमोर खोटारडी का नाही म्हणालात? मग कधीतरी लक्षात आलं की त्यांनी मला एक संधी दिली होती, मराठीत, आणि ती मी तेच खोटं परत बोलायला वापरली होती.

आई घरी आल्यावर मी प्रयोग पुन्हा केला. कोरं आधी. मोजून सारखी बेटं, एक इकडे, एक तिकडे. गुबगुबीत बेट दिसलं की हात आपोआप अर्काच्या डिशकडे जायचा, तो दरवेळी मागे घ्यावा लागायचा. दुसऱ्या दिवशी दोन्ही डिश गुलाबी. इन्सुलिनचे आकडे शेजारी शेजारी ठेवले तर कुठला कुणाचा ते सांगता येऊ नये. तीनदा केलं. मग कागद घेऊन चामराजपुरमला गेले.

मेष्ट्रुंच्या बायकोनं दार उघडलं, कॉफी दिली. ते समोर बसले, पांढरा शर्ट, लांब बाह्या. कागदांना हात लावला नाही.

"मोदलु कोरं टाकलंस?"

"हो."

"सारखी?"

"हो. मेष्ट्रु, तुमचं बरोबर होतं."

ते भडकले. चार वर्षांत पाहिले नव्हते एवढे. "ते मला सांगायला आलीस? मला माहीत नाही काय? मी बघितलं होतं की! ज्यांना खोटं सांगितलंस त्यांना जाऊन सांग ना. इथं येऊन माझी कॉफी पितेस!"

मी आईचं सांगितलं. कशासाठी सांगितलं, कोण जाणे. बहुतेक दया यावी म्हणून. त्यांनी "कुठला पाय?" एवढंच विचारलं. मग म्हणाले, "पत्र लिही त्या मासिकाला. सगळं लिही. कोरं शेवटी टाकलं ते लिही, कोंडलं ते लिही."

"तुमच्या आधी लक्षात आलं होतं, हेही लिहिते. तुमचं नाव घालते."

"माझं नाव बेडा!" नको म्हणजे नको. "माझ्या डोळ्यांबद्दल काय बोललीस ते लिही. ते खोटं होतं ते लिही. बाकी काही नको मला."

मी लिहिलं. गाईड म्हणाले, अशी पत्रं कुणी लिहीत नसतं. पत्र गेल्यावर माझी तिथली नोकरी राहिली नाही. आता एका कॉलेजात शिकवते, आणि प्रॅक्टिकलला मुलांना आधी कोरं टाकायला लावते. मुलं मागून हसतात. मेष्ट्रु दर रविवारी बसनं बोगादीला येतात, आईशी त्यांच्या त्या धेडगुजरी मराठीत तासभर बोलतात, आणि निघताना फ्रिज उघडून तिचं इन्सुलिन बाहीसमोर धरून गढूळ तर झालं नाही ना ते बघतात. आईला ते फार आवडतात. त्या खोलीत काय झालं ते त्यांनी तिला अजून सांगितलेलं नाही. माझ्याशी कामापुरतं बोलतात. माफ केलंय का, हे विचारायची माझी हिंमत नाही.

मासिकानं निबंध मागे घेतला. दोन ओळींची सूचना छापली. प्रयोगाच्या मांडणीत दोष आढळल्यामुळे, वगैरे. डोळ्यांचं वाक्य त्यांनी काढून टाकलं. विषयाशी संबंध नाही, असं कळवलं. मी दोनदा लिहिलं, दोनदा तेच उत्तर आलं. मेष्ट्रुंनी ती सूचना वाचली, घडी करून मला परत दिली आणि म्हणाले, "हे नाही मागितलं होतं मी."

म्हणून इथे लिहिते, मराठीत, कारण त्यांनी तेव्हा मराठीतच सांगायला लावलं होतं. त्या दिवशी खिडकीशी मेष्ट्रुंना रंग बरोबर दिसत होते. मलाही दिसत होते.